वाचक विचारतात: ब्रँडचा रंग, कागदावर आणि पडद्यावर

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. ब्रँडचा रंग एकदा ठरवला, त्याला क्रमांकही दिला, तरी तो प्रत्येक ठिकाणी वेगळा का दिसतो? त्यांतील सहा प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न: मी स्वतंत्रपणे काम करणारी डिझायनर आहे. माझ्या एका ग्राहकाचे बोधचिन्ह नारिंगी असून त्याचा पँटोन क्रमांक (पँटोन कंपनीच्या रंगसूचीतील क्रमांक) ठरलेला आहे. संकेतस्थळावर तो रंग झळझळीत दिसतो, लेटरहेडवर मातकट होतो आणि चार रंगांत छापलेल्या माहितीपुस्तिकेत तर त्याला तपकिरी झाक येते. छापखाना फाइलला दोष देतो, मी छपाईला. नक्की कोण चुकले?

उत्तर: आपण कळवलेल्या तपशिलावरून तरी कोणीच चुकलेले दिसत नाही, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. पडदा स्वतः प्रकाश देतो आणि लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशबिंदूंची तीव्रता कमीजास्त करून रंग घडवतो. कागदावर बाहेरून प्रकाश पडतो, त्यातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. शिवाय आपल्या दोन छापील वस्तूंची जातही एक नाही. लेटरहेडवर स्पॉट कलर आहे, म्हणजे ठरलेल्या मूळ शाया ठरलेल्या वजनाने मिसळून यंत्रावर चढवण्यापूर्वीच तयार केलेली एकच नारिंगी शाई. पुस्तिकेत नारिंगी शाई मुळी नाहीच. तेथे पिवळ्या शाईचा थर आणि किरमिजी शाईचे बारीक ठिपके मिळून नारिंगीचा भास निर्माण करतात.

भिंग घेऊन दोन्हींवरील एकच अक्षर पाहावे. लेटरहेडवर अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी सरळ दिसेल आणि आतला रंग सलग असेल. पुस्तिकेतील अक्षराची कड ठिपक्यांमुळे कुरतडल्यासारखी दिसेल. नारिंगी रंगद्रव्य वर्णपटातील नारिंगीपासून लालपर्यंतचा प्रकाश जवळजवळ पूर्ण परत पाठवते. किरमिजी ठिपके त्याच पट्ट्याच्या सुरुवातीचा काही भाग गिळतात, म्हणून रंगाचा तजेला उतरतो. तजेलदार नारिंगी, गडद निळा-जांभळा आणि कोवळा हिरवा हे रंग चार शायांच्या आवाक्याबाहेर राहतात. म्हणूनच सात रंगांच्या छपाईत नारिंगी, हिरवी आणि जांभळी अशा तीन शाया वाढवलेल्या असतात.

लेटरहेड मातकट दिसण्याचे कारण वेगळे आहे. पँटोन क्रमांकापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ असे अक्षर असते. पहिले कोटेड म्हणजे लेप दिलेल्या कागदासाठी आणि दुसरे अनकोटेड म्हणजे बिनलेपाच्या कागदासाठी. शाईचे सूत्र सामान्यतः तेच असते, बदलतो तो कागद. बिनलेपाचा कागद शाई आत ओढून घेतो आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो, त्यामुळे तीच शाई फिकी आणि मंद दिसते. आपण बहुधा लेटरहेडची तुलना ‘सी’ शेड कार्डाशी, म्हणजे क्रमांकांसह छापलेल्या रंगनमुन्यांच्या संचाशी, करत आहात. ‘यू’ कार्डाशी ताडून पाहिल्यास छापखान्याने काम चोख केले आहे असे कदाचित दिसून येईल.

यावर माझे मत स्पष्ट आहे. क्रमांक हे रंगाचे नाव आहे. त्या नावामागे कोणती वस्तू उभी आहे हे कोणीतरी ठरवावे लागते. ग्राहकासोबत बसून एक मूळ नमुना मान्य करून घ्यावा. तो प्रत्यक्ष छापलेला, सलग रंगाचा, कोटेड कागदावरील नमुना असावा आणि त्याचे मापलेले मूल्य त्याच्यासोबत नोंदवलेले असावे. त्यानंतर बिनलेपाच्या कागदासाठी, चार रंगांसाठी आणि पडद्यासाठी स्वतंत्र मूल्ये ठरवावीत. ती प्रत्येक वेळी मूळ नमुन्यावरूनच काढावीत, एकीवरून दुसरी काढू नये. बिनलेपाच्या कागदासाठी तोच क्रमांक वापरण्याचा आग्रह धरण्याऐवजी शेजारच्या क्रमांकांपैकी जो ‘यू’ कार्डावर मूळ नमुन्याच्या सर्वांत जवळ जातो तो निवडणे मला अधिक योग्य वाटते. पाहणाऱ्याला क्रमांक दिसत नाही, रंग दिसतो.

बोधचिन्ह अजून नवीन असेल तर आणखी एक गोष्ट सुचवते. पुस्तिका आणि संकेतस्थळ हीच त्या ब्रँडची मुख्य ठिकाणे असतील, तर चार रंगांतही चांगला उतरणारा नारिंगी आताच निवडावा. पुढे हजारो छापील वस्तू वापरात आल्यावर हा निर्णय घेणे फार जड जाते.

प्रश्न: एकाच पँटोन क्रमांकासाठी मला तीन ठिकाणी तीन वेगळे हेक्स कोड (पडद्यावरील रंगाचे सांकेतिक आकडे) मिळाले. सीएमवायके मूल्येही (छपाईच्या चार शायांची टक्केवारी) जुळत नाहीत. कोणते खरे मानावे?

उत्तर: तिन्ही कोड प्रामाणिकपणे काढलेले असू शकतात, कारण शाईचे हेक्समध्ये रूपांतर करताना दर वेळी काही ना काही गृहीत धरावे लागते. शाई कोणत्या कागदावर आहे, ती कोणत्या प्रकाशात पाहिली, पडदा कोणत्या रंगक्षेत्राचा (म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांच्या व्याप्तीचा) आहे आणि जो रंग त्या क्षेत्रात बसत नाही त्याला आत कसे आणले, यांपैकी एक गोष्ट बदलली तरी कोड बदलतो. शेड कार्डांच्या आवृत्त्या आणि सॉफ्टवेअरमधील रंगसंच यांतही वेळोवेळी बदल झाले आहेत. २०२२ च्या अखेरीस अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून बहुतेक पँटोन संच काढले गेले, तेव्हा जुन्या फोटोशॉप फाइलींतील हे रंग अनेकांना काळे दिसू लागले. ज्यांनी आपल्या रंगाचे मापलेले मूल्य स्वतःजवळ लिहून ठेवले होते त्यांचे काम त्यामुळे अडले नाही.

ते मूल्य लॅब या पद्धतीत लिहितात. सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने ती १९७६ साली निश्चित केली. तिच्यात ‘एल’ म्हणजे उजळपणा, ‘ए’ म्हणजे हिरव्याकडून लालकडे जाणारा अक्ष आणि ‘बी’ म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा अक्ष. लॅब मूल्य कोणत्याही यंत्राशी बांधलेले नसते, तर डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचे वर्णन करते. हेक्स आणि सीएमवायके ही मात्र यंत्रांना दिलेली आज्ञा असते. पडद्याने अमुक इतका लाल प्रकाश द्यावा किंवा यंत्राने अमुक टक्के किरमिजी ठिपके टाकावेत एवढेच ती सांगते. प्रत्यक्षात काय दिसेल हे त्या यंत्रावर अवलंबून राहते. म्हणून हेक्स कोडसोबत रंगक्षेत्राचे नाव आणि सीएमवायकेसोबत प्रोफाइलचे (त्या छपाईत रंग कसे उतरतात याच्या वर्णनाचे) नाव लिहिलेले नसेल तर ती माहिती अर्धवट समजावी. संकेतस्थळांसाठी रंगक्षेत्र सहसा एसआरजीबी असते, जे १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडले. सीएमवायकेसाठी फोग्रा ३९ किंवा फोग्रा ५१ यांसारखी छपाईस्थिती नमूद करावी, म्हणजे कोणत्या कागदाचा आणि कोणत्या मानकाचा विचार केला आहे हे कळते.

पडद्यावर सगळेच रंग कागदापेक्षा अधिक उजळ आणि अधिक व्यापक असतात असा एक समज आहे, तो पूर्ण खरा नाही. ऑफसेट छपाईच्या आयएसओ १२६४७-२ या मानकात कोटेड कागदावरील सलग सायन (हिरवट निळ्या) शाईचे मूल्य साधारण एल ५५, ए उणे ३७, बी उणे ५० असे धरले जाते. एसआरजीबी पडद्यावरील शुद्ध सायन मात्र एल ९१, ए उणे ४८, बी उणे १४ च्या आसपास येतो. दोन्हींना सायनच म्हणतात, पण हे दोन रंग एकमेकांपासून फार दूर आहेत, आणि छपाईतला खोल सायन एसआरजीबी पडदा पूर्णपणे दाखवूच शकत नाही. ब्रँडचा रंग निळा-हिरवा असेल तर कागद पुढे आणि पडदा मागे अशी उलटी स्थितीही येऊ शकते. अशा वेळी डिस्प्ले पी३ या अधिक रुंद रंगक्षेत्राचे मूल्य सोबत ठेवणे उपयोगी ठरते. मात्र एसआरजीबी मूल्य हाच आधार असावा, कारण समोरचा पडदा कोणता आहे हे आपल्या हातात नसते.

व्यवहारात आपण असे करावे. मूळ नमुन्याचे लॅब मूल्य घ्यावे, त्यावरून एसआरजीबी मूल्य काढावे, चांगल्या पडद्यावर ते नमुन्याच्या शेजारी ठेवून पाहावे आणि गरज वाटल्यास डोळ्याने थोडे सुधारावे. सीएमवायकेसाठी पँटोनचे कलर ब्रिज कार्ड हाताशी असावे, कारण त्यात स्पॉट रंग आणि त्याचे चार रंगांतील सर्वांत जवळचे रूप शेजारीशेजारी छापलेले असते. ग्राहकाला ते कार्ड दाखवल्यावर अपेक्षा जमिनीवर येतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

प्रश्न: छापखाना सांगतो की डेल्टा ई ३ आहे, म्हणजे रंग मर्यादेत आहे. मला मात्र फरक स्पष्ट दिसतो. करारात कोणता आकडा लिहावा?

उत्तर: नुसता आकडा लिहून भागणार नाही, तो कोणत्या सूत्राने काढला आणि कोणत्या स्थितीत मापला हेही लिहावे लागेल. डेल्टा ई म्हणजे दोन लॅब मूल्यांमधील अंतर. समजा मान्य नमुना एल ४८, ए ६८, बी ४० आहे आणि छपाई एल ५०, ए ६६, बी ४१ आली. फरक अनुक्रमे २, २ आणि १. त्यांच्या वर्गांची बेरीज ४ अधिक ४ अधिक १ म्हणजे ९, आणि तिचे वर्गमूळ ३. हे १९७६ चे सरळ सूत्र झाले. डोळा मात्र सगळीकडे सारखा तिखट नसतो. करड्या रंगाला किंचित गुलाबी झाक आली तरी ती लगेच खटकते, पण भडक लाल रंगात त्याहून मोठा फरकही पचून जातो. सीआयईडीई२००० हे नंतरचे सूत्र डोळ्याच्या या स्वभावाशी अधिक जुळवून घेते. त्यामुळे एकाच जोडीचे दोन सूत्रांनी काढलेले आकडे वेगळे येतात, आणि ‘३’ म्हणताना आपण व छापखाना एकाच गोष्टीबद्दल बोलत आहात याची खात्री उरत नाही.

बोधचिन्हाच्या सलग रंगासाठी मी सीआयईडीई२००० सूत्राने २ ही मर्यादा मागते. तटस्थ करडा किंवा फिका रंग असेल तर त्याहून कमी मागते. फार काटेकोर आकडा मागू नये, कारण ऑफसेटच्या एकाच छपाईत पहिल्या आणि शेवटच्या कागदातही थोडा फरक पडतो. जी मर्यादा यंत्र पाळूच शकत नाही ती करारात असली तरी कोणी पाळत नाही.

मापनाची स्थितीही ठरवून घ्यावी. पांढऱ्या शुभ्र कागदांत अनेकदा प्रकाशवर्धक रसायने असतात. ती अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि कागद जास्त पांढरा भासवतात. मापकाच्या दिव्यात अतिनील भाग किती आहे यावर अशा कागदावरचे मूल्य बदलते. आयएसओ १३६५५ मधील एम१ ही स्थिती या भागासह डी५० (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित) प्रकाश गृहीत धरते. आपला मापक एम० या दुसऱ्या स्थितीवर आणि छापखान्याचा एम१ वर असेल तर शाई तीच असूनही आकडे भांडत राहतात.

शेवटी वेळेचा मुद्दा. ओली शाई चकाकते, म्हणून अधिक गडद दिसते; वाळल्यावर ती थोडी मंदावते. यंत्राशेजारी उभे राहून ओल्या कागदावर सही करणारा ग्राहक दोन दिवसांनी ‘रंग उतरला’ अशी तक्रार करतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. म्हणून छपाईच्या आधी, प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर त्याच शाईचा पातळ थर ओढून घेतलेला आणि पूर्ण वाळलेला नमुना मागवावा. हा नमुना मागण्यात संकोच करू नये. चांगल्या छापखान्यालाही तो हवाच असतो.

प्रश्न: आमच्या खोक्यांचा रंग छापखान्यात नमुन्याशी तंतोतंत जुळला होता. कार्यालयात आल्यावर तो हिरवट वाटला. रंग प्रवासात बदलतो का?

उत्तर: रंग प्रवासात बदलत नाही, प्रकाश बदलतो. दोन नमुने वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले तर ते एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली फुटतात, म्हणजे वेगळे दिसतात. या गुणाला मेटामेरिझम म्हणतात. मी स्वतः एकदा यात फसले आहे. दोन करड्या पट्ट्या माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली जुळल्या म्हणून मी मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्ट्या खिडकीशी नेल्या तेव्हा एक करडी राहिली आणि दुसरी जांभळट झाली. एक पट्टी स्पॉट शाईची होती आणि दुसरी चार रंगांची.

त्यावरचा उपाय आयएसओ ३६६४ या मानकात दिलेला आहे. छापील नमुन्यांची काटेकोर तुलना डी५० प्रकाशात, सुमारे २००० लक्स तीव्रतेखाली आणि तटस्थ करड्या पार्श्वभूमीवर करावी. छापखान्यात आणि आपल्याकडे अशी एकसारखी पेटी असेल तर वाद निम्म्याने कमी होतात. पेटीच्या आजूबाजूची भिंत भडक रंगाची नसावी, आणि पाहणाऱ्याने लालभडक शर्ट घालू नये, कारण त्याचे परावर्तन नमुन्यावर पडते. याशिवाय वस्तू जेथे विकली जाणार तेथील दिव्याखालीही नमुना एकदा पाहून घ्यावा. पेटीत जुळले आणि विक्रीच्या जागी फुटले तर ब्रँडचे नुकसान व्हायचे ते होतेच.

खोक्यांवर लॅमिनेशन किंवा व्हार्निश केले होते का, हे आपण लिहिलेले नाही. तसे असेल तर मान्य नमुन्यावरही तोच थर द्यायला हवा होता. चमकदार थराखाली रंग गडद होतो आणि मॅट थराखाली मंदावतो. रिफ्लेक्स ब्लू ही शाई वाळायला फार वेळ घेते आणि घाईने वरचा थर दिला तर तिची छटा सरकते, म्हणून तिच्या बाबतीत दुप्पट सावध राहावे.

प्रश्न: माझा पडदा कॅलिब्रेट (मापून प्रमाणित) केलेला आहे आणि माझ्याजवळ आठ वर्षांपूर्वीचे पँटोन शेड कार्ड आहे. एवढे पुरेसे नाही का?

उत्तर: पडद्याबाबत आपण योग्य मार्गावर आहात. साधारण १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढी उजळता ठेवावी, कारण भगभगीत पडद्यावर मान्य केलेले काम कागदावर काळवंडलेले वाटते. छपाईपूर्वी त्या कागदाचे प्रोफाइल निवडून सॉफ्ट प्रूफ (छपाई कशी दिसेल याचे पडद्यावरील पूर्वदर्शन) पाहावे आणि महिन्यातून एकदा पुन्हा मापन करावे. शेड कार्ड मात्र बदलावे. आठ वर्षांत कागद पिवळा पडतो, शाई उडते आणि बोटांच्या खुणा बसतात. स्वतः पँटोन १२ ते १८ महिन्यांनी कार्ड बदलण्याचा सल्ला देते. ते दर वेळी शक्य नसेल तर निदान आपल्या ब्रँडचे एक-दोन नमुने नवीन घ्यावेत आणि अंधारात, बंद पाकिटात ठेवावेत.

प्रश्न: काळा आणि एक निळा स्पॉट कलर अशी दोन रंगांची साधी फाइल दिली होती. छापखान्याने तीन प्लेट्स (प्रत्येक शाईसाठी एक छपाईचा पत्रा) निघत असल्याचे कळवले आणि काम थांबले. असे का झाले?

उत्तर: आपल्या फाइलीत एकच निळा दोन नावांनी शिरला असणार. सॉफ्टवेअर स्पॉट कलर ओळखते ते नावावरून. बोधचिन्ह एका फाइलीतून आणि मजकूर दुसऱ्या फाइलीतून आला, एका ठिकाणी क्रमांकापुढे ‘सी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘यू’ असले किंवा जुन्या आवृत्तीतले ‘सीव्हीसी’ असले, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते दोन निराळे रंग ठरतात आणि प्रत्येकाची वेगळी प्लेट निघते. क्रमांकाऐवजी ‘कंपनीचा निळा’ असे नाव कोणी दिले असेल तरी हेच होते.

फाइल पाठवण्यापूर्वी सेपरेशन प्रिव्ह्यू उघडून एकेक प्लेट बंद-चालू करून पाहावी. निळा बंद केल्यावर पानावर निळे काहीच उरता कामा नये. उरलेच, तर ते कोठून आले हे शोधून दोन्ही नावे एकत्र करावीत आणि स्पॉट रंगाची व्याख्या लॅब मूल्यावरून घेतली आहे हे पाहावे. छायेचा किंवा पारदर्शकतेचा परिणाम दिलेल्या भागांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे स्पॉट कलर नकळत चार रंगांत बदलून जातो आणि त्या कडेने निळ्याची एक वेगळीच छटा छापून येते. पीडीएफ पाठवताना सोबत रंगांची नावे आणि अपेक्षित प्लेट्सची संख्या एका ओळीत लिहून द्यावी. ती ओळ वाचूनच छापखाना पहिल्या मिनिटाला चूक पकडू शकतो.